लोकांनी जिन्याने जावे म्हणून काय करावे : खानदेशातील नव्या कार्यकर्त्यांसाठी

चैत्र पौर्णिमेच्या आधी खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना इथल्या लोकांच्या पायांत बळ नाही असे सांगून पटणार नाही. ही माणसे उन्हातान्हात दिवसच्या दिवस चालतात, आणि २०१८ पासून गडावर रुळांवरून चढणाऱ्या फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय असली तरी त्यांतले कितीतरी जण पायऱ्यांनीच वर जातात. तीच माणसे एखाद्या दाखल्यासाठी शासकीय इमारतीत आली की पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टपुढे रांग लावतात. याला आळस म्हणून मोकळे होता येते. पण इमारतीत शिरताना नीट पाहिले तर कारण वेगळे दिसते. लिफ्ट समोर असते, तिच्यावर दिवा असतो, तिच्यापुढे माणसे उभी असतात. जिना मागच्या बाजूला, अंधारात, बहुधा मोडक्या कपाटांच्या आड असतो. म्हणून लोकांना जिन्याकडे वळवण्याचे बहुतेक काम आधी जिन्यावरच करावे लागते. आपल्या गावातील कार्यालय, रुग्णालय, बाजारसंकुल, महाविद्यालय किंवा रेल्वे स्थानक येथे असा उपक्रम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी आपल्याला काय माहीत असावे

लोक आणि अधिकारी दोघेही विचारतात की एक-दोन मजले चढल्याने काय होणार. याचे उत्तर आपल्याजवळ तयार असावे आणि ते खरे असावे. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याआधीच्या २०१० च्या सूचनांत ही हालचाल एका वेळी किमान दहा मिनिटे सलग असावी अशी अट होती. २०२० मध्ये ती अट काढण्यात आली. त्यामुळे मिनिटभराचा जिनाही आता हिशेबात धरला जातो, आणि तो जोरकस हालचालीत मोडतो, कारण स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिच्या सुमारे आठ ते नऊ पट ऊर्जा जिना चढताना लागते. उतरताना ती साधारण तिप्पट असते. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणारे डॉक्टर ‘दोन मजले न थांबता चढता येतात का’ असे विचारतात, तेही हृदय आणि फुप्फुसांची ताकद अजमावण्यासाठीच.

मात्र वजन घटण्याचे आश्वासन कोणालाही देऊ नये. एक पायरी चढायला साधारण ०.१५ किलोकॅलरी लागते; म्हणजे वीस पायऱ्यांच्या एका मजल्याला तीन किलोकॅलरी. ‘जिना चढा, वजन घटवा’ अशी पाटी महिन्याभरात खोटी ठरते आणि मग आपल्या बाकीच्या पाट्यांवरचाही विश्वास उडतो. लाभ आहे तो दमात, मांड्यांच्या स्नायूंत आणि हृदयाला रोज मिळणाऱ्या थोड्याशा व्यायामात.

दुसरी गोष्ट, पाटीने खरोखर फरक पडतो का. ग्लासगो शहरातील भुयारी रेल्वेच्या एका स्थानकात तीस पायऱ्यांचा जिना आणि सरकता जिना शेजारी-शेजारी होते. ‘निरोगी राहा, वेळ वाचवा, जिना वापरा’ अशा अर्थाचा फलक तिथे लावल्यावर जिन्याने चढणाऱ्यांचे प्रमाण ८ टक्क्यांवरून १५ ते १७ टक्क्यांपर्यंत गेले, आणि फलक काढल्यावर ते हळूहळू पुन्हा उतरू लागले. ही नोंद १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. यातून नव्या कार्यकर्त्याने दोन गोष्टी मनाशी धराव्यात : साध्या फलकाने प्रमाण दुप्पट होऊ शकते, पण दुप्पट झाले तरी बहुसंख्य लोक सरकत्या जिन्यावरच राहतात, आणि फलक काढला की परिणाम ओसरतो. सगळी इमारत जिन्याने चढू लागेल अशा अपेक्षेने जे सुरुवात करतात, ते दुसऱ्या महिन्यात निराश होऊन घरी बसतात.

जागा कोणती निवडावी

पहिल्या खेपेला दोन ते चार मजल्यांची, रोज शेकडो माणसे येतात-जातात अशी एकच इमारत घ्यावी. एक-दोन मजल्यांपर्यंत लोक सहज तयार होतात, त्यापुढे तयारी झपाट्याने कमी होते. जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीसारख्या ठिकाणी ‘सर्वांनी जिन्याने जावे’ हे म्हणणेच चुकीचे होईल. तिथे ज्यांचे काम तिसऱ्या मजल्यापर्यंत आहे त्यांच्यापुरता चढण्याचा आणि बाकीच्यांपुरता उतरण्याचा आग्रह धरावा. उतरताना जिना घेणे लोकांना सोपे जाते, आणि उतरताना ज्याने जिना पाहिला त्याला पुढच्या वेळी चढताना तो कुठे आहे हे ठाऊक असते.

इमारत कोणाच्या ताब्यात आहे हे जागा निवडतानाच पाहावे, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यावर ठरतो. शासकीय कार्यालयात बसणारा विभाग एक आणि इमारतीची देखभाल करणारा सार्वजनिक बांधकाम विभाग दुसरा, अशी स्थिती बहुधा असते. बाजारसंकुल पालिकेचे असले तरी जिन्यात सामान ठेवायचे की नाही हे प्रत्यक्षात गाळेधारकच ठरवतात. रेल्वेच्या बाबतीत तर खानदेशात दोन वाटा आहेत : जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे ही स्थानके मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात, तर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही उधना-जळगाव मार्गावरची स्थानके पश्चिम रेल्वेकडे आहेत. नंदुरबारच्या पादचारी पुलासाठी भुसावळला अर्ज केला तर तो महिनाभर फिरून परत येतो.

पाहणी

या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि नवे लोक नेमका तोच उरकून टाकतात. पाटीचा मजकूर ठरवायला उत्साह असतो. जिन्यात अर्धा तास उभे राहायला नसतो.

प्रवेशद्वारातून आत या आणि वर्षातून एकदाच इथे येणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहा. धडगावहून पहाटेची एसटी धरून आलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद धरलेली बाई आत शिरली की तिची नजर पहिल्यांदा कुठे जाईल? ती कोणाला विचारील? तो माणूस तिला काय सांगेल? बहुतेक वेळा तिला विचारण्यासारखा माणूस म्हणजे सुरक्षारक्षक किंवा चहावाला असतो, आणि तो हनुवटीने लिफ्टकडे खूण करतो. जिना दहा पावलांवर असतो, पण खांबाआड असल्यामुळे दाराशी उभे राहून दिसत नाही.

मग जिन्यात जावे आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून वहीत लिहावे. दिवा आहे का, लागतो का, त्याचे बटण कोणाच्या हाती आहे. कठडा सलग आहे की मध्येच तुटला आहे. हात फिरवून पाहिल्यावर तो चिकट लागतो का. वळणावरच्या कोपऱ्यात गुटख्याचे थर किती उंचीपर्यंत चढले आहेत. टप्प्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे, तुटकी टेबले, मागच्या निवडणुकीतले उरलेले फलक ठेवले आहेत का. वरच्या मजल्याच्या दाराशी चॅनल गेट आहे का आणि त्याला कुलूप आहे का. जिन्याखालच्या स्वच्छतागृहाचा वास कुठपर्यंत येतो. फरशी गुळगुळीत पॉलिश केलेली असेल, तर पुसण्याची वेळ कोणती आणि ती वाळायला किती वेळ लागतो हेही लिहावे, कारण लोकांची ये-जा सुरू व्हायच्या वेळेलाच अनेक ठिकाणी जिना ओला असतो.

पायऱ्यांची मापे टेपने घ्यावीत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त आणि पाऊल ठेवण्याची रुंदी ३० सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी. जुन्या इमारतींत एखादीच पायरी बाकीच्यांपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर उंच किंवा बुटकी सापडते, विशेषतः वरून नवी फरशी बसवली असेल तर सर्वांत खालची किंवा सर्वांत वरची. माणूस याच पायरीवर अडखळतो. तिची कड पिवळ्या पट्टीने ठळक केल्याशिवाय त्या जिन्यावर एकही पाटी लावू नये.

पाहणीच्या गटात एक तरी स्त्री असलीच पाहिजे, आणि तिने संध्याकाळी, कार्यालय सुटायच्या वेळेलाही जिना पाहिला पाहिजे. पुरुषांना जो जिना नुसता अस्वच्छ वाटतो तो स्त्रियांना असुरक्षित वाटतो. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसेल, मधल्या मजल्यांची दारे बंद असतील, कोपऱ्यात सिगारेट ओढणारे उभे राहत असतील, तर बाई लिफ्टनेच जाणार, आणि तिचे बरोबरच आहे. अशा जिन्याचे आधी दिवे आणि दारे दुरुस्त झाली पाहिजेत.

मोजणी

काहीही बदलण्याआधी मोजावे. मोजणी नसेल तर तीन महिन्यांनंतर ‘बराच फरक पडला’ एवढेच म्हणता येते, आणि त्यावर कोणी दुसऱ्या इमारतीची परवानगी देत नाही.

जिना आणि लिफ्ट दोन्ही दिसतील अशा जागी दोघांनी बसावे : एकाने जिन्याने चढणारे मोजावेत, दुसऱ्याने लिफ्टने जाणारे. कागदावर उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी, एवढी पद्धत पुरते. चढणारे आणि उतरणारे यांचे रकाने वेगळे ठेवावेत. काठी, कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणारे, कडेवर मूल असलेले, जड ओझे वाहणारे, गरोदर स्त्रिया आणि दिसण्यात आजारी असलेले यांच्यासाठी तिसरा रकाना करावा आणि तो टक्केवारीत धरू नये, कारण त्यांनी जिना घ्यावा अशी आपली अपेक्षाच नाही. समजा उरलेल्यांपैकी अर्ध्या तासात २०० जण वर गेले आणि त्यांत ३० जिन्याने गेले, तर आपला आरंभीचा आकडा १५ टक्के. एका दिवसावर भिस्त ठेवू नये. किमान एक आठवडा, रोज त्याच दोन वेळांना, म्हणजे कामासाठी येणाऱ्यांची गर्दी सुरू होते तेव्हा आणि दुपारच्या जेवणानंतर, मोजावे.

खानदेशात मोजताना काही गोष्टींनी आकडे फसवे होतात. गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी कार्यालयातली गर्दी वेगळी असते आणि लोकांच्या हातात पिशव्या असतात. लग्नसराईत कापडबाजाराच्या संकुलात एरवीपेक्षा कितीतरी अधिक माणसे येतात आणि बहुतेकांजवळ ओझे असते. शासनाच्या एखाद्या योजनेची शेवटची तारीख जवळ आली की लिफ्टपुढची रांग दारापर्यंत जाते आणि लोक नाइलाजाने जिना चढतात. वीज गेली तर सगळेच चढतात. असे तास नोंदवहीत कारणासह लिहावेत आणि हिशेबातून वगळावेत. शिवाय जानेवारीचा आकडा मे महिन्याच्या आकड्याशी कधीही ताडून पाहू नये. पारा ४४-४५ अंशांवर गेला की पश्चिमेकडच्या जाळीच्या जिन्यात दुपारी उभे राहवत नाही.

मोजणीसाठी जवळच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांची मदत मागावी. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते आणि त्यासाठी खऱ्या उपयोगाचे काम प्राध्यापकांनाही हवेच असते. विद्यार्थ्यांना एकच सूचना द्यावी : मोजताना कोणाला हटकू नये, हसू नये, मोबाइलवर फोटो काढू नये.

परवानगी आणि पत्र

परवानगीशिवाय एक चिकटपट्टीही लावू नये. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५ नुसार सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना फलक लावणे हा गुन्हा आहे, आणि चांगल्या हेतूने लावलेला फलक त्यातून सुटत नाही. महापालिकेच्या इमारतीसाठी आयुक्तांना, जिल्हा परिषदेसाठी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, एसटीच्या इमारतीसाठी आगार व्यवस्थापकांमार्फत विभाग नियंत्रकांना पत्र द्यावे. पत्र एका पानाचे असावे, त्याला पाहणीतील नोंदी आणि मोजणीचा तक्ता जोडावा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नये.

जिन्यातील सामान हलवण्याचा विषय पत्रात आरोग्याच्या नावाखाली मांडण्यापेक्षा आगीच्या सुरक्षिततेखाली मांडावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली आगीपासून बचावाच्या व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि ताबेदारावर आहे, आणि तसे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. जिन्यात कपाटे आणि वरच्या दाराला कुलूप असेल तर त्या प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही, हे अधिकाऱ्यांना माहीत असते. ते पत्रात सौम्य शब्दांत लिहिले की पुरते. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते, आणि ज्या इमारतीत लोकांना जिना सवयीचा आहे तिथे ते धुरातही त्याच्याकडे वळण्याचा संभव अधिक, ही गोष्टही त्याच पत्रात यावी.

लिफ्ट बंद ठेवण्याची, तिचा वेग कमी करण्याची किंवा ती ठरावीक मजल्यांवर न थांबवण्याची मागणी मात्र कधीही करू नये. एखादा उत्साही अधिकारी स्वतःहून तसे सुचवील; त्यालाही नम्रपणे नकार द्यावा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारतीत सुगम वावर हा हक्क आहे, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या एका माणसाला खाली तिष्ठत ठेवून शंभर माणसांना चढायला लावणे हे आरोग्याचे काम नव्हे. खरे म्हणजे ज्यांना शक्य आहे ते जिन्याने गेले तर ज्यांना लिफ्टची गरज आहे त्यांची रांग लहान होते, आणि लोकांशी बोलताना मला हे कारण सर्वांत अधिक उपयोगी पडलेले दिसते. स्वतःच्या प्रकृतीसाठी जो चढत नाही तो काठी टेकत उभ्या असलेल्या आजीला जागा देण्यासाठी चढतो.

जिना नीट करणे

इथे सुरुवात सफाई कर्मचाऱ्यांशी बोलण्यापासून करावी. त्यांना डावलून आणलेली कोणतीही मोहीम आठवड्याभरात विटते. जिना कोण झाडतो, किती मजले झाडतो, पाणी कुठून आणावे लागते, हे विचारले की अनेक अडचणींचा उलगडा होतो. वर नळ नसल्यामुळे खालून बादल्या वाहाव्या लागतात म्हणून वरचे टप्पे धुतलेच जात नाहीत, अशी कारणे निघतात आणि ती एका नळजोडाने सुटण्यासारखी असतात. हातमोजे, लांब दांड्याचा ब्रश आणि खरवडायची पट्टी ही मदत आपण करू शकतो.

थुंकीच्या कोपऱ्यांत देवदेवतांच्या टाइल्स बसवण्याची पद्धत सगळीकडे आहे. मला ती मान्य नाही : थुंकणारा शेजारचा कोपरा शोधतो, आणि श्रद्धास्थाने पायाच्या पातळीवर येतात ती येतातच. त्यापेक्षा तो कोपरा खरवडून, भिंतीला मीटरभर उंचीपर्यंत पांढरा ऑइलपेंट देऊन, नेमका त्याच कोपऱ्यावर उजेड पडेल असा एलईडी दिवा बसवावा आणि पहिले महिनाभर रोज सकाळी तो पुसला जाईल असे पाहावे. अंधाऱ्या आणि आधीच घाण असलेल्या जागी लोक निर्धास्त थुंकतात. उजळ आणि स्वच्छ भिंतीवर हात आखडतो.

बाकीची कामे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. कठडा घट्ट करून रंगवावा. पायऱ्यांच्या कडेला न घसरणारी पट्टी लावावी. जाळीतून पावसाचे पाणी आत येत असेल तर बाहेरून पत्र्याची पडवी बसवावी. प्रत्येक टप्प्यावर मजल्याचा क्रमांक ठळक लिहावा. जिना प्रशस्त असेल आणि वाट अरुंद होणार नसेल, तरच मधल्या टप्प्यावर एक छोटा बाक ठेवावा.

पाटी

पाटीची खरी जागा लिफ्टच्या बटणाजवळ आणि त्याआधीच्या वळणावर आहे, जिथे माणूस कुठे वळायचे हे ठरवतो. जिन्याच्या आत लावलेली पाटी जिना आधीच निवडलेल्यांनाच दिसते. अक्षरांच्या आकाराचा साधा नियम असा, की तीन मीटर अंतरावरून वाचायचे असेल तर अक्षर किमान अडीच सेंटीमीटर उंच हवे; देवनागरीत वेलांट्या-मात्रांना जागा लागते म्हणून त्याहून थोडे मोठेच घ्यावे. फ्लेक्स आपल्याकडच्या उन्हात लवकर विटतो; आतल्या भागासाठी सनबोर्ड आणि फरशीवरच्या पावलांच्या खुणांसाठी रेडियमचे काम करणाऱ्यांकडून कापून घेतलेले जाड स्टिकर टिकतात.

मजकुराचे पहिले काम रस्ता दाखवणे हे आहे. ‘पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर काम आहे? जिना डाव्या हाताला, दहा पावलांवर’ ही ओळ मला कोणत्याही घोषवाक्यापेक्षा मोलाची वाटते. तिच्याखाली ‘पहिला मजला, २२ पायऱ्या : सेतू कक्ष’ असे लिहिले की माणसाला आपले काम आणि आपले श्रम दोन्हींचा अंदाज येतो. पायऱ्यांची संख्या मोजून खरीच लिहावी. लिफ्टच्या बाजूला दुसरी पाटी असावी : ‘लिफ्टवर पहिला हक्क दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक, रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि ओझे असलेल्यांचा.’ आळस, लठ्ठपणा, आजार यांची भीती घालणारे किंवा टोमणा मारणारे शब्द कुठेही नसावेत. धुळ्या-जळगावकडे अहिराणीतली, यावल-रावेरकडे लेवा गणबोलीतली, अक्कलकुवा-धडगावच्या लोकांची ये-जा असेल तिथे भिली किंवा पावरीतली एखादी ओळ जरूर असावी. पण ती त्या भाषेत रोज बोलणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्यावी, प्रमाण मराठी वाक्याचे प्रत्यय बदलून तयार करू नये. वाचता न येणाऱ्यांसाठी जिन्याचे चित्र आणि बाण हवाच.

पायऱ्यांच्या उभ्या भागावर, म्हणजे चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या पट्टीवर, लिहिलेले शब्द लांबून दिसतात. ब्रिटनमधील खरेदी केंद्रांत ते भिंतीवरच्या फलकांपेक्षा अधिक परिणामकारक ठरल्याचे आढळले आहे. मात्र पाऊल ठेवण्याच्या सपाट भागावर काहीही चिकटवू नये, पावसाळ्यात ते घसरते. स्टॉकहोमच्या ओडेनप्लान स्थानकात २००९ मध्ये पायऱ्यांना पियानोच्या पट्ट्यांचे रूप देऊन पाऊल पडताच सूर वाजेल अशी रचना केली होती. तिची चित्रफीत दाखवून ‘आपणही असे करू’ म्हणणारे कोणीतरी प्रत्येक बैठकीत असते. तो एका मोटार कंपनीच्या जाहिरात मोहिमेचा थोड्या काळाचा भाग होता. तेवढ्या पैशांत चार इमारतींचे दिवे आणि कठडे होतात.

फलकाचा खर्च देऊ करणारे त्यावर स्वतःचे छायाचित्र मागतात. ते देऊ नये. शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांत बाण हरवतो, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की झाकला जाणारा पहिला फलक तोच असतो.

कोणाला आग्रह करू नये

हा भाग प्रत्येक स्वयंसेवकाकडून नीट वाचून घ्यावा. जिना चढता-उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. गुडघ्याची झीज झालेल्याला उतरणेही तितकेच जड जाते. चालताना छातीत दुखणारे, दम्याचे रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, चक्कर येणारे यांनी लिफ्टच घ्यावी. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. हा आजार असलेला विशीतला मुलगा वरून धडधाकट दिसतो, पण अतिश्रम, ऊन आणि शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे त्याला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. लिफ्टपुढे उभ्या असलेल्या तरुणाला ‘एवढा जवान माणूस आणि लिफ्ट?’ असे विचारणाऱ्या स्वयंसेवकाला हे माहीत असलेच पाहिजे. म्हणून नियम एकच ठेवावा : पाटी सर्वांसाठी, प्रश्न कोणालाही नाही.

स्वयंसेवकाने जिन्याच्या तोंडाशी उभे राहून हसतमुखाने ‘काका, सेतू पहिल्याच मजल्यावर आहे, इथून जवळ पडेल’ एवढे म्हणावे. सुरक्षारक्षकाला आणि लिफ्टमनला पहिल्याच दिवशी भेटून उपक्रम समजावून सांगावा. रक्षकाची हनुवटी जिन्याकडे वळली की अर्धे काम होते. कार्यालयातील कर्मचारी, विशेषतः वरिष्ठ अधिकारी, स्वतः जिन्याने जाताना दिसले तर पाट्यांची गरजही कमी होते.

केव्हा सुरू करावे आणि पुढे काय

सुरुवातीला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत हवा साथ देते आणि लोकांना सवय लागायला चार-पाच महिने मिळतात. एप्रिल-मे मध्ये मोहीम नव्याने सुरू करू नये. चालू असलेल्या उपक्रमातही उन्हाळ्यात ‘सकाळी ११ पर्यंत जिन्याने’ असा बदल पाटीवर करावा, टप्प्यावर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवावा आणि दुपारी कोणालाही सुचवू नये. पावसाळ्यात पायपुसणी आणि ओल्या फरशीची सूचना यांकडे लक्ष द्यावे लागते.

पाटी लावल्यानंतर चौथ्या आठवड्यात, बाराव्या आठवड्यात आणि नंतर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वारांना आणि त्याच वेळांना पुन्हा मोजावे. प्रमाण चार-पाच टक्क्यांनी वाढले तरी ते पुष्कळ आहे; रोज हजार माणसे येणाऱ्या इमारतीत ते चाळीस-पन्नास लोक होतात. प्रमाण वाढून पुन्हा उतरू लागले तर घाबरून जाऊ नये, पाटीचा मजकूर आणि रंग बदलावा, कारण रोज दिसणारी पाटी दोन-तीन महिन्यांत नजरेला दिसेनाशी होते. प्रमाण मुळीच हलले नाही तर पाटीला दोष देण्याआधी पुन्हा जिन्यात जाऊन पाहावे. दिवा गेलेला असतो, किंवा कपाट परत आलेले असते.

देखभालीची वही इमारतीतच, शक्यतो आस्थापना शाखेत, नावानिशी नेमलेल्या एका कर्मचाऱ्याकडे ठेवावी. तिच्यात दर सोमवारी चार गोष्टी लिहाव्यात : कोणत्या टप्प्याचा दिवा बंद आहे, कोणते दार कुलूपबंद आहे, कोणती पाटी फाटली आहे आणि जिन्यात नवे सामान कोणी ठेवले आहे. त्या कर्मचाऱ्याची बदली झाली की वही कोणाकडे जाईल, हे त्याच्या बदलीच्या आधीच कार्यालयीन आदेशात लिहून घ्यावे.